घडीवर कापलेलं हृदय

बशीरभाऊंच्या आणि माझ्या दुकानात एकच भिंत आहे, आणि तीही एका विटेची. पलीकडे त्यांच्या बायकोनं, शमीमबाईंनी, जांभई दिली की अलीकडे माझं झेरॉक्सचं मशीन दचकतं. तेव्हा लोक म्हणतात तशी मी कुणाचं काही चोरून ऐकत नाही. भिंत ऐकवते, मी फक्त नाही म्हणत नाही.

आलापल्लीत सागवानाच्या डेपोकडे जाणाऱ्या रस्त्यावर 'बशीर टेलर्स' म्हणून जी पाटी आहे, ती त्यांची. तीस वर्षं झाली, माणूस खाकी शिवतो आहे. या भागातला कोणताही फॉरेस्ट गार्ड माझ्यासमोर पाठमोरा उभा करा, पँटीच्या बैठकीवरून मी सांगते ती बशीरभाऊंची आहे की परक्याची. शिक्षण चौथी. इंग्रजीत त्यांना फक्त इंचाच्या टेपवरचे आकडे वाचता येतात, पण त्या आकड्यांवर त्यांनी आख्खं वनखातं तोललं आहे. एक रेंजरसाहेब इथे आले तेव्हा त्यांची कंबर बत्तीस होती. चार वर्षांनी बदली झाली तेव्हा किती, असं मी बशीरभाऊंना सहज विचारलं. ते म्हणाले, "सायबाचं माप आन् डॉक्टरचा कागद, साधनाबाई, भायेर नाई सांगत." माणूस बोलायला पक्का. फक्त माप घेताना आकडा मोठ्यानं पुटपुटायची सवय आहे, आणि भिंत एका विटेची आहे. बेचाळीस.

तर अशा माणसाची मुलगी आफ्रीन. बारावी सायन्स. त्यांच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली पहिलीच, म्हणून बशीरभाऊंनी तिच्या अभ्यासासाठी दुकानातली सगळ्यात मोठी जागा दिली. म्हणजे कटिंगचा टेबल. अर्ध्या टेबलावर खाकी, अर्ध्यावर बायोलॉजी. पोरीला नर्सिंगची डिग्री करायची होती. त्याची सीईटी वेगळी, पण त्याआधी बोर्डात फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून पंचेचाळीस टक्के हवेत. आता आफ्रीनचं आणि फिजिक्सचं जुनं वैर. तिथे ती पस्तीसच्या आसपास घुटमळायची, केमिस्ट्रीत त्याहून जरा वर. म्हणजे बायोलॉजीनं साठीच्या पुढे उडी मारली तरच नर्सिंगचं दार उघडणार. हा हिशोब तिनं माझ्याच दुकानात, माझ्याच पेननं, वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठीमागे केला होता. पेन अजून परत दिलेलं नाही.

बायोलॉजी तिला पाठ होती. घात होता आकृतीचा. पोरगी ब्लाऊजचा गळा असा आखायची की बघत राहावं, आणि मेंदू काढायला गेली की भज्याचा घाणा निघायचा. डिसेंबरात एक दिवस बशीरभाऊंनी तिच्या वहीत डोकावून पाहिलं.

"हे का होय, बेटा?"

"मेंदू."

"कोनाचा?"

ती रडवेली झाली. मग बशीरभाऊंनी कात्री खाली ठेवली, पुस्तक हातात घेतलं, उलटं धरलं, सुलटं केलं, आणि म्हणाले, "ही तर डिझाईन हाय. डिझाईनले काऊन घाबरते तू?"

त्या दिवसापासून सुरू झालं. बशीरभाऊंनी बायोलॉजीचे फर्मे काढायला घेतले. फर्मा म्हणजे ब्राऊन पेपरचा तो तुकडा, जो कापडावर ठेवून शिंपी खडूनं आखतो. आधी मधली रेघ. मग त्या रेघेपासून वर किती, बाजूला किती, गोलाई कुठे. आफ्रीनच्या अंगात शिलाई होतीच. मधली रेघ सापडली आणि पोरीचा हात बसला. पंधरा दिवसांत मेंदू मेंदूसारखा दिसायला लागला, फूल फुलासारखं. मी भिंतीपलीकडून ऐकत होते आणि गिऱ्हाइकांना सांगत होते की आमच्या आळीत आता बायोलॉजी मापानं शिवून मिळते.

जानेवारीत कॉलेजची सराव परीक्षा झाली. तपासलेला पेपर घेऊन आफ्रीन माझ्याकडे झेरॉक्सला आली. पेपर उलटा ठेवून म्हणाली, "मावशी, न बघता काढून द्या."

न बघता झेरॉक्स काढणारी बाई अजून जन्मायची आहे. मी पेपर सुलटा केला. सत्तरपैकी बावीस.

पहिल्या आकृतीत मेंदू अर्धाच. मधोमध तुटक रेघ, आणि रेघेशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं, 'घडी'. दुसऱ्या आकृतीत अर्धं फूल, घडी. तिसरं होतं माणसाचं हृदय. डावी बाजू सुरेख, सगळी नावं बरोबर, आणि मग तुटक रेघ. घडी. दुसरी बाजू अशीच.

खाली मॅडमनी लाल पेननं लिहिलं होतं : हे कोणत्या प्राण्याचं हृदय आहे?

मी इतकी हसले की मशीनमध्ये कागद अडकला.

"अगं, अर्धं का काढलंस?"

"वेळ कमी होता, मावशी. हात आपोआप तसाच गेला. फर्म्यावर आपण अर्धंच तं आखतो. कापड घडीवर ठेवून कापलं की दुसरी बाजू आपोआप येते."

खरं आहे. कोणताही शिंपी सदऱ्याची पाठ अख्खी आखत नाही. अर्धी आखतो, कापड दुमडतो, एकदाच कात्री चालवतो. सहा वर्षांपासून पोरीनं हेच पाहिलं, हेच केलं. पण माणसाच्या हृदयाच्या दोन बाजू सारख्या नसतात, आणि बोर्डाचा पेपर दुमडून कुणी तपासत नाही.

माझं हसू थांबलं ते तिच्या पुढच्या वाक्यानं. "अब्बाले नका सांगू. त्यांनी लय मेहनतीनं शिकवलं."

मी सांगितलं नाही. मी फक्त जरा मोठ्यानं "घडी?" असं म्हटलं होतं, आणि भिंत एका विटेची.

बशीरभाऊ आले. पेपर घेतला. इंग्रजी कळत नव्हतं, पण अर्धी आकृती कुणालाही कळते, आणि लाल मराठी त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचली. मग त्यांनी पेपराची नीट घडी केली, ती घडी पाहून पुन्हा उघडला, आणि सपाट धरून दुकानात गेले. त्या दुपारी मशीनचा आवाज आला नाही. मला तर करमेना.

दुसऱ्या दिवशी ते धुतलेला बुशशर्ट घालून माझ्या दारात. "साधनाबाई, कॉलेजात चालता का? मले बोलता येत नाई. तुमाले बोलनं थांबवता येत नाई. दोघं मिळून जमन."

हे मी कौतुक समजून घेतलं.

बायोलॉजीच्या रंजीता मॅडम चंद्रपूरच्या. कडक बाई. त्यांच्या साडीची निरीसुद्धा शिस्तीत उभी असते. आम्ही प्रयोगशाळेत गेलो तेव्हा त्या बरण्या पुसत होत्या. मी बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधीच, ज्याला बोलता येत नाही तो माणूस बोलला.

"मॅडम, पोरीले बोलू नका. कटिंग माही हाय. गलती कटिंगची हाय, शिलाईची नाई."

मॅडमना काही कळेना. मग बशीरभाऊंनी खिशातून फर्मा काढला, मेंदूचा, टेबलावर ठेवला, आणि घडी म्हणजे काय ते दाखवलं. मॅडम आधी फर्म्याकडे बघत राहिल्या, मग त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. मी साक्षीदार आहे. त्या हसल्या होत्या.

"बशीरभाऊ, हे बघा," म्हणून त्यांनी कपाटातून प्लास्टिकचं हृदय आणलं. मधून उघडणारं. "याला घडी घालता येईल का?"

बशीरभाऊंनी ते दोन्ही हातांत घेतलं. मी पाहिलंय, नवीन कापड आलं की हा माणूस ते आधी बोटांच्या चिमटीत चोळतो. तसंच त्यांनी त्या हृदयाच्या भिंती चिमटीत धरून पाहिल्या. एक बाजू. मग दुसरी.

"हे तं दोन्हीकडून सारखं नाई. इकडची बाजू जाड हाय. डबल कापड."

"का असेल?" मॅडमनी विचारलं. शिक्षकांची खोडच ती.

बशीरभाऊंनी जाड बाजू पुन्हा चिमटीत धरली. "गार्ड लोक जंगलात बसते, उठते, घसरते. त्याहीच्या पँटीले बैठकीवर मी डबल कापड टाकतो. जिथी ताण जास्त, तिथी डबल. मंग ह्याच्या इकडल्या बाजूले काम जास्त पडत असन."

मॅडमनी हातातला फडका खाली ठेवला. "पलीकडची बाजू रक्त फक्त फुप्फुसापर्यंत ढकलते, शेजारच्या शेजारी. ही बाजू डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण शरीरात ढकलते. हे मी वर्गात तीन वेळा सांगते, तरी पेपरात अर्धी मुलं चुकतात. आणि ही डावी बाजू आहे हेही चुकतात. चित्रात ती उजव्या हाताला दिसते ना."

"चुकाचं काऊन? डावा म्हंजे घालनाऱ्याचा डावा. बघनाऱ्याचा नाई. पयल्या दिवशी उस्ताद हेच शिकवते."

मी दोन्हीकडे पाहिलं. एक एम.एस्सी., एक चौथी पास, आणि मध्ये प्लास्टिकचं काळीज. मला एक शब्द बोलायची संधी मिळाली नाही, हे आयुष्यात पहिल्यांदा झालं.

निघताना मॅडम म्हणाल्या, "तुमच्याकडेच उजळणी करू द्या तिला. फक्त कात्री पूर्ण चालवा."

पुढचा महिना आमच्या आळीनं जी बायोलॉजी ऐकली, ती नागपूरच्या क्लासवाल्यांनी ऐकावी. बशीरभाऊंनी नियम केला. घडी बंद. आफ्रीननं आकृती पूर्ण काढायची, आणि काढताना प्रत्येक भाग बापाला समजावून सांगायचा. बापाला पटेपर्यंत पुढे जायचं नाही. आणि शिंप्याला पटवणं सोपं नसतं.

"हा व्हाल्व काऊन हाय इथी?"

"रक्त उलटं येऊ नये म्हणून, अब्बा."

"कसा थांबवते? चेन हाय का बटन?"

"खिशासारखा असतो. खाली यायला लागलं की खिसा भरतो, फुगतो, आणि रस्ता बंद होतो."

"किती खिसे?"

"तीन."

"मंग पेपरात दोन नोको काढू."

डीएनए आला तेव्हा तिनं पँटीची चेन उघडून दाखवली, की असे दोन पदर सुटे होतात आणि प्रत्येकाला नवीन जोडीदार मिळतो. बशीरभाऊ म्हणाले, नवीन चेन जुन्या चेनवरून बनते हे पटलं, पण बनवणारा कोण? आफ्रीनला एन्झाइमचं नाव आठवेना. तिनं पुस्तक उघडलं. त्यानंतर ते नाव ती कधी विसरली नाही, कारण बशीरभाऊ येता-जाता विचारायचे, "तो कारागीर कोन व्हता, बेटा?"

इतवारी नावाचा गार्ड आहे, तो पँटीचं माप द्यायला आला आणि बाकावर बसून श्वसनाचा अख्खा धडा ऐकून गेला. दोन दिवसांनी पुन्हा आला, पँट तयार झाली का विचारायला, आणि म्हणाला, "आज कोनता धडा हाय?" शमीमबाई काज करता करता मान खाली घालून म्हणायच्या, "मायट्रल व्हाल्व छोड दिया तूने." त्यांचं शिक्षण विचारू नका, मीही विचारत नाही.

एका धड्यापुरती मात्र व्यवस्था वेगळी होती. मानवी प्रजनन. तो धडा निघाला की बशीरभाऊ खाकरायचे, टेप गळ्यातून काढून खुंटीला अडकवायचे आणि चहाला निघायचे. त्यांची जागा शमीमबाई घ्यायच्या. एका दुपारी त्यांचे तीन चहा झाले, तेव्हा मी दारातून विचारलं, "भाऊ, धडा लांब आहे का हो?" त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. आतून शमीमबाई म्हणाल्या, "आधा हुआ." ते चौथ्या चहाला वळले.

मग रमजान लागला, आणि चहा बंद. ईदच्या शिलाईचा ढीग छताला टेकायला निघाला, तरी टेबलाचा अर्धा भाग बायोलॉजीकडेच राहिला. कुणी म्हटलं, भाऊ, सदरे कधी देता, तर उत्तर ठरलेलं. "मार्चच्या पेपरानंतर." जणू पेपर त्यांचाच.

पेपराच्या दिवशी आफ्रीन रोजा ठेवून गेली. शमीमबाई नको म्हणत होत्या, पोरीनं ऐकलं नाही. ती पायरी उतरताना बशीरभाऊ एवढंच म्हणाले, "पूरी काढजो." आणि मशीनवर जाऊन बसले.

तीन तास. मी भिंतीला कान लावला नव्हता, खुर्ची भिंतीला टेकली होती. आधी मशीन चाललं. मग बंद. मग कात्रीचा लांब आवाज, खाकी कापताना येतो तो. मग काहीच नाही. मग शमीमबाईंचा आवाज, फार हळू. "ये क्या किया आपने?"

मी गेले. टेबलावर इतवारी गार्डाची नवी पँट कापून ठेवलेली. दोन्ही पाय डावे.

तीस वर्षांत बशीरभाऊंच्या हातून असं झालेलं कुणाला माहीत नाही. ते त्या दोन पायांकडे पाहत होते. "रोज्यानं चक्कर आली," म्हणाले. मी म्हटलं, "हो, उन्हंही फार आहेत." मला कधी काय बोलू नये ते कळतं, फक्त रोज कळत नाही.

आफ्रीन आली ती चपला हातात घेऊन, पट्टा तुटलेला. "हृदय आलं होतं," एवढंच म्हणाली.

"मंग?"

"पूर्ण काढलं."

"डावी बाजू?"

"घालणाऱ्याची."

बशीरभाऊंनी मान हलवली आणि ते दोन डावे पाय गुंडाळून टेबलाखाली सरकवले. नंतर इतवारीला सांगितलं की कापडात दोष निघाला. आता हे छापून आलं की इतवारीला खरं कळेल. बरं होईल.

मे महिन्यात निकाल लागला तो माझ्या कॉम्प्युटरवर. एक वाजता लागणार होता, पाऊण वाजल्यापासून सगळी आळी माझ्या दुकानात. पंखा एक, माणसं पंधरा. साइट उघडेना. बशीरभाऊ दाराबाहेर उन्हात उभे. आत या म्हटलं तर म्हणाले, "मी इथीच बरा." आफ्रीन माझ्यामागे, तिचा श्वास माझ्या मानेवर.

पान उघडलं. फिजिक्स सदतीस. केमिस्ट्री एकेचाळीस. मी मुद्दाम थांबले. अशा वेळी थांबायचं सुख मी का सोडू?

"मावशी, बोला नं."

बायोलॉजी चौऱ्याऐंशी.

पंधरा माणसांचा जो गलका झाला, त्यात आफ्रीन माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती. पंचेचाळीस टक्क्यांच्या रेघेवरून ती नुसती पलीकडे गेली नव्हती, चांगली चौपन्नावर पोचली होती. कॉलेजात बायोलॉजीत पहिली. हे मला नंतर रंजीता मॅडमच्या फोननं कळलं, आणि अर्ध्या तासात आलापल्लीला माझ्या फोननं.

बशीरभाऊ गर्दीतून आत आले. स्क्रीनकडे पाहिलं. इंग्रजी कळत नाही, पण आकडा कळतो. टेप वाचणारा माणूस. बोट ठेवून चौऱ्याऐंशी पाहिला, मग पोरीकडे वळून म्हणाले, "बाकीचे सोळा कुठी गेले?"

आफ्रीन रडता रडता हसायला लागली. शमीमबाई म्हणाल्या, "इनको तो सौ भी कम पडेंगे." बशीरभाऊंनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. असं ताठ मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मशीनवर वाकून वाकून पाठीला जो बाक आला आहे, तो त्या दिवशी कुठे गेला कोण जाणे.

सीईटीसुद्धा तिनं पार केली. सध्या आफ्रीन नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीत आली की आळीतल्या सगळ्यांचं बीपी मोजते. माझं जास्त निघालं. तिनं सांगितलं, मावशी, बोलणं कमी करा. बापाची लेक.

पण मला सांगायचं होतं ते निकालाच्या संध्याकाळचं. गर्दी पांगली, आणि बशीरभाऊ गुणपत्रिकेचा तो छापलेला कागद घेऊन माझ्याकडे आले.

"साधनाबाई, ह्याच्या कॉप्या काढा."

"किती?"

त्यांनी मनातल्या मनात काही मोजलं. "शंभर."

"शंभर प्रवेश घेणार आहे का पोरगी?"

"तुमी काढा."

मी काढल्या. काय करणार ते विचारूनही सांगेनात, आणि त्या वेळी भिंतीनंही काही सांगितलं नाही. कळलं ते पंधरा दिवसांनी. दुपारची वेळ होती, बशीरभाऊ काजाचं माप घेत होते, फोन वाजला, त्यांनी हात मोकळा नाही म्हणून स्पीकरवर टाकला. सिरोंच्याकडचा कुणी गार्ड होता. नवीन वर्दी परवाच नेली होती.

"बशीरभाऊ, तुमचा काही कागद पँटीच्या खिशात राहून गेला हाय. मार्कलिस्ट दिसते कोना पोरीची. पाठवून देऊ का?"

"राह्यला नाई," बशीरभाऊ म्हणाले. "ठेवला हाय. वाचून घ्या."